एकसष्टची वर्गप्रकृति

यादवनृपती सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाई येथे आहेत. त्याच राजाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. चाळीसगावनजीक पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेखावरून समजते. शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमारास रचलेल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त पुढील प्रश्न आहे : कोणत्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गच येतो?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ६१ च्या जागी ६० घेतल्यास ४ व ३१, आणि ६२ घेतल्यास ८ व ६३ ही उत्तरे सहज मिळतात. ६१ चे मात्र लघुतम उत्तर कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९ असे आहे. केवळ चाचपणीने येथवर पोहोचणे हाताने गणित करणाऱ्यास अशक्यप्राय होय.

भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धती योजिली. ८² = ६१ × १² + ३ यापासून प्रारंभ करून गुणक ७ घेतला असता ३९² = ६१ × ५² − ४ हे मिळते. दोन्ही मुळांस २ ने भागले की क्षेप −१ होतो. यापुढे ब्रह्मगुप्ताची (इ. स. ६२८) भावना उपयोगी पडते. तिच्यात ज्येष्ठांच्या गुणाकारात कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट मिळविल्यास नवे ज्येष्ठ, तिरकस गुणाकारांच्या बेरजेने नवे कनिष्ठ, आणि क्षेपांच्या गुणाकाराने नवा क्षेप येतो. (५/२, ३९/२) या जोडीची स्वतःशीच भावना केल्यास (१९५/२, १५२३/२), क्षेप १. या दोहोंची परस्पर भावना केल्यास (३८०५, २९७१८), क्षेप −१. आणि या शेवटच्या जोडीची स्वतःशी भावना केल्यास इष्ट उत्तर प्राप्त होते.

या मार्गाने ज्येष्ठ मुळाची रचनाही उघड होते. त्यातून १ वजा केल्यास २ × २९७१८², तर १ मिळविल्यास १२२ × ३८०५² येते. शिवाय ही संख्या मूळसंख्या नाही. मधल्या पायरीवरील १५२३/२ यास 'अ' म्हटल्यास ज्येष्ठ मूळ ४अ³ − ३अ इतके भरते. म्हणून ते १५२३ × ११,५९,७६३ असे विभागले जाते. दहा अंकी संख्येचा अवयव अशा रीतीने भागाकार न करताच हाती येतो. तसेच ज्येष्ठास कनिष्ठाने भागले असता ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि त्यातील चूक १/१०¹⁷ हूनही लहान असते.

इ. स. १६५७ मध्ये फर्माने फ्रेनिकल यास ६१ चाच प्रश्न घातला. त्या वेळी ब्राउंकर व वॉलिस यांनी स्वतंत्र रीत शोधली. पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येसाठी असे उत्तर असतेच, याची सिद्धता पुढे लाग्रांजने दिली. चक्रवाल पद्धती उत्तरापर्यंत नेत होती. ती प्रत्येक वेळी नेईलच, हे सिद्ध करणे हा निराळा प्रश्न होता. समीकरणास पेलचे नाव मिळाले ते ऑयलरच्या गैरसमजुतीने. ६१ चे उत्तर मात्र फर्माच्या पाचशे वर्षे आधीच 'बीजगणिता'त लिहिलेले होते.