पित्ताच्या कॅप्सूलमधलं मनाचं औषध

जालना, अंबड, परतूर, भोकरदन. यांपैकी कुठल्याही गावात ‘छातीत जळजळतंय, गॅस धरतोय, जेवण जात नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या हाती बऱ्याचदा एक कॅप्सूल पडते. सकाळी उपाशीपोटी एक. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत दोन नावं छापलेली असतात. पहिलं रॅबेप्रॅझोल, 20 मिलिग्रॅम. ते पोटातलं आम्ल कमी करतं. दुसरं लेव्होसल्पिराइड, 75 मिलिग्रॅम. हे दुसरं औषध अँटिसायकॉटिक आहे. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास आणि संशयाच्या आजारात, ते जास्त मात्रेत देतात आणि कमी मात्रेत नैराश्यावर. कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

पोट आणि मन एकाच औषधात आली ती फ्रान्समधल्या एका संशोधनामुळे. लुई ज्यूस्तँ-बझाँसाँ आणि शार्ल लाव्हिल यांच्या गटाने 1964 मध्ये मेटोक्लोप्रामाइड जगापुढे आणलं. उलटी थांबवण्यासाठी ते आजही आपल्याकडे सर्रास वापरलं जातं. त्याच कुळातून सल्पिराइड निघालं आणि ते मनाच्या आजारांवर चालतं असं लक्षात आलं. लेव्होसल्पिराइड हे त्याच सल्पिराइडचं एक रूप. युरोपात इटलीने ते वापरात आणलं, भारतात ते घरोघरी पोचलं. अमेरिकेत मात्र त्याला मान्यता नाही.

ते काम कसं करतं? मेंदूतल्या काही पेशी डोपामाइन नावाचं रसायन सोडून शेजारच्या पेशींना निरोप देतात. सोडणाऱ्या पेशीवर एक जागा अशी असते की तिथे डोपामाइन चिकटलं की ‘आता पुरे’ असा इशारा मिळतो. कमी मात्रेतलं औषध आधी ही जागा अडवतं, असं मानलं जातं. मग डोपामाइन जास्त सुटतं आणि कशातच रस न वाटणाऱ्या माणसाला थोडी उभारी येते. मात्रा वाढवली की निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या जागाही अडतात, त्यामुळे भास आणि संशय आटोक्यात येतात. पोटातही डोपामाइनचं काम चालतं. तिथे ते जठराची हालचाल मंदावतं. त्याला अडवलं की अन्न लवकर पुढे सरकतं. जुन्या मधुमेहात जठर सुस्तावलेल्या रुग्णांना याचा खरा उपयोग होतो, आणि चार घास खाल्ले तरी पोट गच्च वाटणाऱ्यांनाही.

म्हणजे औषध वाईट नाही. ते कुणाला, कशासाठी आणि किती दिवस दिलं जातंय हे कुणीच विचारत नाही, अडचण तिथे आहे.

वृद्धांमध्ये ही अडचण सर्वांत ठळक दिसते. महिनोन्महिने कॅप्सूल चालू असलेल्या आजोबांचं चालणं हळू होतं, पाय घासत पडतात, हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव गोठल्यासारखे होतात. हा औषधाने आणलेला पार्किन्सनसारखा विकार असू शकतो. कोरियातल्या मेंदुविकारतज्ज्ञांनी 2009 मध्ये अशा 91 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक वयस्कर होते. औषध बंद केल्यावरही त्यांतल्या जवळपास निम्म्यांची लक्षणं पूर्ण गेली नाहीत. काहींना तोंड सतत चावल्यासारखं हलवण्याचा, जीभ आत-बाहेर करण्याचा त्रास जडतो, आणि तो कायमचाही राहू शकतो. घरच्यांना हे सगळं म्हातारपण वाटतं. क्वचित डॉक्टरही फसतात आणि पित्ताची कॅप्सूल तशीच ठेवून कंपाची दुसरी गोळी वाढवतात. एका औषधाचा दुष्परिणाम निस्तरायला दुसरं औषध येतं आणि पहिल्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. हे थांबवता येण्यासारखं आहे, म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागतं.

बायकांच्या वाट्याला वेगळाच घोर येतो. या औषधाने प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. पाळी चुकते किंवा बंद होते, बाळंतपण नसताना स्तनांतून दूध येतं. लग्न न झालेल्या मुलीची पाळी चुकली की घरात काय काय बोललं जातं ते वेगळं सांगायला नको. तिच्या उशाशी पडलेलं पित्ताच्या कॅप्सूलचं पाकीट त्या वेळी कुणी उलटून पाहत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अपस्माराचे रुग्ण, स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया यांच्यासाठी हे औषध वर्ज्य मानलं जातं. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा जपून ठरवावी लागते.

असं औषध दुसऱ्याच निमित्ताने घरात शिरण्याचं आणखी एक उदाहरण देशाने पाहिलं आहे. फ्लुपेंटिक्सॉल हे अँटिसायकॉटिक आणि मेलिट्रासेन हे नैराश्यावरचं औषध एकत्र करून डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने डीनॅक्झिट बनवलं. ‘टेन्शन’वरची गोळी म्हणून ते भारतात खपलं. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे 2012 च्या अहवालात त्यावर बोट ठेवलं: ज्या देशातली कंपनी, त्याच डेन्मार्कमध्ये हे औषध विकलं जात नाही. जून 2013 मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, आणि मग वाद न्यायालयात गेला.

नैराश्यात अँटिसायकॉटिक देणं हे मुळातच चूक, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. एका गोळीने नैराश्य हटत नसेल तेव्हा जोडीला ॲरिपिप्रॅझोल देण्यास अमेरिकेत 2007 मध्ये मान्यता मिळाली, क्वेटियापीनला 2009 मध्ये. ज्यांना एरवी अंथरूण सोडवत नव्हतं अशा अनेकांना या जोडीने पुन्हा कामाला लावलं आहे. तिथेही वजन, साखर, कोलेस्टेरॉल यांवर नजर ठेवावी लागते, आणि नुसती झोप येत नाही म्हणून क्वेटियापीन घेणं योग्य नाही.

जालन्यात हा विषय जास्त जवळचा होतो, कारण इथे मनाचं दुखणं पुष्कळदा पोटाच्या नावानेच दवाखान्यात येतं. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, वर्षानुवर्षं जपलेली झाडं तोडावी लागली. त्यानंतर ‘मला उदास वाटतंय’ असं किती शेतकऱ्यांनी म्हटलं असेल? जेवण जात नाही, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, हेच ते सांगतात. डॉक्टर तेवढंच ऐकतात आणि कॅप्सूल लिहून देतात. नैराश्याचं निदान होत नाही, पण त्यावरचं औषध पोटात जात राहतं, निष्कारण आणि बेहिशेबी.

राज्य सरकारने 2015 मध्ये शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. मराठवाड्यातले आठही जिल्हे त्यात आहेत. आशाताईंनी घरोघर जाऊन मनाची चौकशी करायची आणि पुढचा समुपदेशनाचा आधार 104 क्रमांकावर मिळायचा, अशी त्याची रचना. मनाची विचारपूस करणारं माणूस दारात येणं ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण उपचारापर्यंतची वाट लांब आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. जालन्यात 365 खाटांच्या मनोरुग्णालयाला मंत्रिमंडळाने मान्यता दिली आहे. ते सुरू होईपर्यंत कुणी सिव्हिलला जातो, कुणी साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, आणि कुणी शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं.

पित्ताच्या कॅप्सूलवर लेव्होसल्पिराइडचं नाव दिसलं तर ती किती दिवस घ्यायची हे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं. जुनं पाकीट दाखवून मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणू नये. मनाच्या आजारासाठी हीच औषधं चालू असतील तर मात्र स्वतःहून एकदम बंद करू नयेत, आजार उलटतो. थरथर, तोंडाची हालचाल, चुकलेली पाळी असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगावंच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेला 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतं. रुग्णाने स्वतः भरायचा त्यांचा नोंदणी अर्ज मराठीतही आहे.