फॉर्मेट मारण्याआधी

"फॉर्मेट मारून द्या ना भाऊ, संध्याकाळी घेऊन जातो." लॅपटॉप काउंटरवर ठेवता ठेवताच त्याने सांगून टाकलं. तिवसा तालुक्यातल्या एका गावात तो आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. जुलैचे दिवस, खरिपाच्या पीकविम्याची मुदत ३१ तारखेला संपणार, आणि सातबारा अपलोड होत असतानाच पडदा निळा व्हायचा. भरलेला अर्ज जायचा आणि रांगेतला शेतकरी मजुरी बुडवून दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

नागपूर-अमरावती महामार्गालगतच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात मी बसलो होतो. दुकानदाराने स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. आधी विचारलं, "निळा होते का नुसता बंद पडते?"

निदानाची वाट याच प्रश्नाशी फुटते. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की धुळीने पंखा तुंबलेले लॅपटॉप तापतात आणि काही न सांगता बंद होतात. अॅडाप्टर किंवा बॅटरीचा दोषही असाच मुका. निळा पडदा मात्र विंडोज स्वतः आणते. आपल्या गाभ्यातल्या माहितीवर भरवसा राहिला नाही हे कळताच, चुकीचं काही डिस्कवर लिहिलं जाण्याआधी ती सगळं काम थांबवते. थांबताना एक कोड दाखवते आणि त्या क्षणाची नोंद फाइलमध्ये ठेवते. ही फाइल म्हणजे मिनीडंप. फॉर्मेट मारलं की नेमका हाच पुरावा पुसला जातो. "मंग मी पाहू काय?" दुकानदार म्हणाला. चार दिवसांनी तोच लॅपटॉप तोच आजार घेऊन परत येतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे दुसऱ्यांदा जातात, हे सगळ्याच दुरुस्तीवाल्यांनी मनावर घ्यायला हवं असं मला वाटतं.

केंद्रचालकाचा संशय अंगठा घ्यायच्या मशीनवर होता. तिचा ड्रायव्हर टाकल्यापासूनच हे सुरू झालं, असं तो ठामपणे सांगत होता. दुकानदाराने मिनीडंपच्या फाइली ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये उघडल्या. एकीत कोड 'मेमरी मॅनेजमेंट', दुसरीत 'इर्क्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', तिसरीत 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. दोषी म्हणून नाव एकदा वायफायच्या ड्रायव्हरचं, एकदा ग्राफिक्सचं, एकदा विंडोजच्या गाभ्याचंच.

"एकाच ड्रायव्हरचं नाव येत राह्यलं असतं तं मी त्यालेच धरलं असतं. इथं दरखेपी नवं नाव हाये."

१९ जुलै २०२४ला जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, तेव्हा उलट चित्र होतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट आलं होतं आणि जिथे तिथे त्याच कंपनीच्या ड्रायव्हरचं नाव दिसत होतं. एकच नाव वारंवार आलं तर बोट सॉफ्टवेअरकडे जातं. नावं बदलत राहिली तर ज्या मेमरीत हे सगळे ड्रायव्हर वावरतात तिच्याकडे आधी पाहावं लागतं. पडद्यावर नाव येतं ते बऱ्याचदा खराब जागेवर त्या क्षणी पाय पडलेल्याचं.

लॅपटॉपमध्ये मूळची ४ जीबी रॅम होती आणि नंतर बसवलेली ८ जीबीची एक स्टिक. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावून तो दुकान बंद करून गेला. ही चाचणी विंडोज सुरू न करता रॅमच्या घराघरात ठरावीक नमुने लिहिते आणि वाचून ताडून पाहते, त्यामुळे काही तास लागतात. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या.

इथेच स्टिक फेकून मोकळं होता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. बॅटरी सोडवली, स्टिक काढली, सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसली, पुन्हा नीट बसवून चाचणी लावली. लाल ओळी कायम. मग ८ जीबीची स्टिक एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, कारण दोष स्लॉटचाही असू शकतो. तिथेही चुका. ४ जीबीची दोन्ही स्लॉटमध्ये निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबायचं, हे त्याचं सगळं तंत्र. या थांबण्याचे पैसे कोणी देत नाही, तरी तो थांबतो, याचं मला फार कौतुक वाटलं.

केंद्रचालक लॅपटॉप उचलायला निघाला, तर दुकानदाराने हात धरला. खराब रॅममधून इतके दिवस डिस्कवर लिहिलं गेलं होतं, विंडोजच्या स्वतःच्या फाइलीही त्यातून बिघडू शकतात. त्याने डिस्कची तब्येत पाहिली, चेकडिस्क चालवलं, मग सिस्टिम फाइल चेकर. काही फाइली बिघडलेल्या निघाल्या आणि दुरुस्तही झाल्या.

"नवी स्टिक अमरावतीहून येईलोक चारवरच चालवा. हळू चालन, पण अर्ज जाईन," त्याने सांगितलं. आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकली, म्हणजे पुन्हा निळं झालंच तर कोड पडद्यावर टिकेल. बिलाच्या मागे तिन्ही कोड आणि काढलेल्या स्टिकचा नंबर लिहून दिला. अंगठ्याची मशीन जोडून एक अर्ज शेवटपर्यंत भरून पाहिला, आणि मगच बिल फाडलं.