संगणकाची झोप आणि जाग

घरात सर्वांत आधी उठणारे माणूस प्रथम न्हाणीघरातला बंब पेटवते. पण पेटवून त्याच्यासमोर हात बांधून बसत नाही. पाणी तापेपर्यंत केर निघतो, चहा होतो, मुले उठतात. झोपेतून उठणाऱ्या संगणकाला हेच शहाणपण शिकवायला बरीच वर्षे लागली.

संगणकाची झोप मुख्यतः दोन प्रकारची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये ठरविलेल्या ‘एसीपीआय’ या मानकात त्यांना ‘एस-३’ व ‘एस-४’ अशी नावे आहेत. एस-३ मध्ये बहुतेक भागांची वीज बंद होते, मेमरीची मात्र चालू राहते. तशी ती ठेवावीच लागते. कारण मेमरीतील प्रत्येक अंक म्हणजे एक सूक्ष्म विद्युतभार असतो व तो सतत गळत असतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. एस-४ मध्ये मेमरीतील सारा मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद करतात. मग वीज गेली तरी बिघडत नाही. पण उठताना तो मजकूर परत वाचावा लागतो, म्हणून जाग उशिरा येते.

एस-३ मध्ये मजकूर तर जागच्या जागी असतो. मग वेळ जातो कोठे? तो जातो उपकरणे जागी करण्यात. लिनक्स ही कार्यप्रणाली पूर्वी त्यांना एकामागून एक उठवीत असे. २०१० मध्ये आलेल्या २.६.३४ या आवृत्तीत अनेक उपकरणे एकाच वेळी उठविण्याची सोय झाली. मात्र येथे क्रम मोडून चालत नाही. यूएसबीचा नियंत्रकच निजलेला असेल, तर त्याला जोडलेला कळफलक उठून काय करणार? त्याने थांबलेच पाहिजे.

तरीही एक अडसर उरला, तो फिरत्या हार्ड डिस्कचा. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांचा वेग गाठायला तिला काही सेकंद लागतात. कोणत्याही प्रोग्रामने हा काळ कमी होत नाही, आणि तोवर बाकीचा संगणक खोळंबून राही. २०१४ च्या ३.१५ या आवृत्तीत हा खोळंबा काढला गेला. आता डिस्कला फिरण्याची आज्ञा देऊन संगणक पुढच्या कामाला लागतो. डिस्ककडे आलेली मागणी ती तयार होईपर्यंत रांगेत थांबते. डिस्क पूर्वीइतकाच वेळ घेते, पण हवा असलेला मजकूर मेमरीत असेल तर आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लगेच नवी फाइल उघडू गेलो, तर मात्र थांबावे लागते.

आज न फिरणाऱ्या एसएसडी सर्रास झाल्या आहेत व त्यांच्यापुरता हा बंबच उरलेला नाही. तरी धडा जुना होत नाही. वेग वाढवायचा म्हणजे प्रत्येक काम घाईने उरकायचे असे नव्हे. कोणाला कोणासाठी खरोखर थांबायला हवे आणि कोण उगाच थांबले आहे, हे आधी पाहायचे. पहिल्याला हात लावला तर यंत्र बिघडते. दुसऱ्याला मोकळे केले तर ते वेळेवर उठते.