मेंदूची निगा – भाग ७ : हळद उंदराला पावली, माणसाचे काय?

डोक्याला मार लागल्यावर कवटीच्या आत दाब का वाढतो, हे मागच्या भागात पाहिले. त्याच वेळी मेंदूच्या पेशींमध्ये एक रासायनिक पडझड सुरू झालेली असते. ती वनस्पतींच्या अर्कांनी थोपवता येईल का, हा आजचा विषय.

मेंदूची इजा दोन टप्प्यांत होते. पहिली आघाताच्या क्षणी; तिच्यावर इलाज नाही. दुसरी पुढचे काही तास, कधी काही दिवस चालते. फाटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन बाहेर सांडते, त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसते, त्यांतली ऊर्जाकेंद्रे म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींची नासाडी करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंचा, सुळसुळाट होतो. मेंदूला त्यांचा धोका जास्त: त्याचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो सुमारे २० टक्के वापरतो. शिवाय त्याच्या पेशींच्या आवरणातला मेद चटकन खराब होणारा. रक्तस्राव झाला असेल, तर त्यातून सुटलेले लोह या नासाडीत भरच घालते.

फ्री रॅडिकल्सना आवर घालणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. हळदीतले करक्युमिन त्यांपैकी एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००६ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. करक्युमिन खाल्लेल्या उंदरांच्या मेंदूत आघातानंतर ऑक्सिडेशनमुळे होणारी हानी कमी दिसली आणि शिकण्याची क्षमताही बरीच टिकली. मात्र या उंदरांना करक्युमिन दिले होते ते आघाताच्या आधी, सलग ४ आठवडे. अपघात सांगून येत नाही. रुग्णाच्या बाबतीत सारा प्रश्न ‘नंतर’चा असतो.

मात्रेचेही तसेच. हळदपुडीत करक्युमिन साधारण ३ टक्के. अर्धा चमचा हळद दुधात घातली, तर पोटात जाईल फार तर ४०–५० मिलिग्रॅम. त्यातले बहुतेक आतड्यातून शोषलेच जात नाही. जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून टाकते. मेंदूपर्यंत पोहोचायला रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर पार करावा लागतो, तो वेगळाच. ब्राह्मीचे स्मरणशक्तीवरचे प्रयोगही निरोगी माणसांना आठवडेच्या आठवडे अर्क देऊन केलेले आहेत. ताज्या जखमेला त्यांचा आधार घेता येत नाही.

बरे, प्रयोगशाळेत तयार केलेले आणि थेट शिरेतून दिलेले औषध तरी चालते का? एनएक्सवाय-०५९ हे असेच फ्री रॅडिकल्स टिपणारे औषध. पक्षाघातातही मेंदूच्या पेशींची अशीच पडझड होते; त्याच्या रुग्णांवरच्या २००६ मधील चाचणीत त्याने थोडी आशा दाखवली. पुढच्याच वर्षी ३,३०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत त्याचा काहीच उपयोग दिसला नाही. एकदा पेशी मरू लागल्या की उशिरा आलेला अँटिऑक्सिडंट म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

तरी सगळेच निराशाजनक नाही. इराकमध्ये स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला सौम्य इजा झालेल्या ८१ अमेरिकी सैनिकांवर एन-ॲसिटिलसिस्टीनची छोटी चाचणी झाली. पहिल्या २४ तासांत औषध मिळालेल्यांपैकी ८६ टक्के आठवडाभरात लक्षणमुक्त झाले. तितक्याच लवकर पण नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. चीनमध्ये ब्युटिलफ्थॅलाइड हे औषध पक्षाघातासाठी वापरतात. हा रेणू मूळचा सेलरीच्या बियांतला. २०२३ च्या चाचणीत, ६ तासांच्या आत आणि रक्ताची गुठळी काढण्याच्या उपचारांच्या जोडीने दिल्यावर, ५६.७ टक्के रुग्णांची स्थिती ९० दिवसांनी चांगली होती. औषध न मिळालेल्यांत ४४ टक्क्यांची. हा निष्कर्ष पक्षाघातापुरताच आहे, अपघाती माराला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. या दोन्ही ठिकाणी शुद्ध केलेला एकच रेणू होता, ठरलेल्या मात्रेत आणि वेळेत दिलेला.

म्हणून जेवणातली हळद खुशाल खा. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाला जिन्को या झाडाच्या अर्काच्या किंवा करक्युमिनच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका. अशा गोळ्यांनी रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो, आणि आत रक्तस्राव सुरू असेल तर ते जिवावर बेतेल. ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांना धोका अधिक. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, फिट आली, बोलणे अडखळले किंवा झोपेतून नीट उठवता येईना, तर काढे उकळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.