पहिलं बटण

दर रविवारी सकाळी मिरजेत मी नववी-दहावीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने पहिल्या तासाआधीच घरी पायथन डाउनलोड करायचा प्रयत्न केला. शोधताना वर आलेल्या भलत्याच साइटवरून तिने फाइल उतरवली. पायथन आलंच नाही. जाहिराती दाखवणारा प्रोग्राम तेवढा येऊन बसला. रविवारी ती म्हणाली, "मॅडम, हे मला जमणार नाही." तिने अजून कोडची एक ओळही लिहिली नव्हती.

पायथनची अधिकृत साइट म्हणजे पायथन डॉट ओआरजी. तिच्या डाउनलोडच्या पानावर आता एकच ठळक बटण दिसतं. समोरचा संगणक विंडोजचा आहे की मॅकचा, हे पान स्वतःच ओळखतं.

इथवर यायला वर्षं लागली. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, पण पायथन २ मधले अनेक प्रोग्राम त्यात जसेच्या तसे चालत नव्हते. म्हणून दोन्ही आवृत्त्या बरोबरीने सांभाळाव्या लागल्या आणि बटणंही दोन राहिली. जाणत्यांना ती सोय होती. नवख्याला मात्र पहिल्याच पायरीवर प्रश्न पडायचा, यातलं माझं कुठलं? १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ ची देखभाल अधिकृतपणे थांबली आणि तो प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न ३२ बिट की ६४ बिट हा. विंडोजसाठी आधी ३२ बिटची फाइल पुढे केली जायची, कारण ती दोन्ही प्रकारच्या विंडोजवर चालते. पण मशीन लर्निंगसाठीची टेन्सरफ्लोसारखी साधनं ६४ बिट पायथनच मागतात. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ पासून ६४ बिटची फाइल पुढे आली.

सोपं करणं म्हणजे माहिती लपवणं नव्हे. ३.९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, हे साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं. आमच्या वर्गात देणगीत मिळालेले जुने संगणक आहेत, त्यामुळे ती एक ओळ आमचा अख्खा तास वाचवते. ज्या प्रश्नाचं उत्तर शिकणाऱ्याला अजून ठाऊकच असू शकत नाही, तो त्याला विचारू नये. जाणत्याने आधीच सोडवून ठेवावा. डाउनलोडचं पान करणाऱ्या प्रत्येकाने एवढं जरी पाळलं, तरी कितीतरी मुलं उंबरठ्यावरून परत फिरणार नाहीत.

तुमच्या घरी कुणी पायथन शिकायला बसणार असेल, तर साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर उघडला की खाली 'पाथ'चा छोटा चौकोन दिसेल. त्यावर टिक करा, नाहीतर कमांड देऊनही संगणकाला पायथन सापडत नाही. आणि पहिला प्रोग्राम चालेपर्यंत त्या मुलाशेजारी बसा.