बायबल अ‍ॅपमध्ये एका क्लिकवर ‘मूळ ग्रीक अर्थ’ दिसतो, पण तो वाचायचा कसा?

“या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ काय आहे माहितीये का?”

बायबलवरच्या रील्स आणि शॉर्ट्समध्ये हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पूर्वी असं बोलायला निदान काही वर्षं ग्रीक शिकावं लागायचं. आता मोबाइल पुरतो. अ‍ॅपमधल्या वचनातल्या शब्दावर बोट ठेवलं की खाली ग्रीक शब्द, त्याचा उच्चार, एक नंबर आणि अर्थांची यादी उघडते. ही यादी म्हणजे लेक्सिकन, साध्या मराठीत ग्रीक शब्दकोश.

सोय चांगलीच आहे. अडचण अशी की कोश उघडता येणं आणि कोश वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातला फरक समजून घ्यायला एकच शब्द घेऊ. या एका शब्दावरून चर्चमध्ये महिलांना अधिकाराचं पद मिळावं की नाही, हा वाद आजही चालू आहे.

कोण होती फिबी?

बायबलच्या नव्या करारात पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं एक पत्र आहे. ते इसवी सन ५७ च्या आसपास लिहिलं गेलं असं मानतात. त्याच्या शेवटच्या, म्हणजे १६ व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात फिबी नावाच्या बाईची ओळख करून दिली आहे. ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीतली. हे पत्र रोमला घेऊन जाणारी व्यक्ती बहुधा तीच होती, असं बरेच अभ्यासक म्हणतात.

आता हे वचन वेगवेगळ्या इंग्रजी बायबलांमध्ये पाहा. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात फिबी ‘सर्व्हंट’ आहे, म्हणजे सेविका. एनआयव्ही या लोकप्रिय भाषांतराच्या १९८४ च्या आवृत्तीतही ‘सर्व्हंट’च आहे. त्याच एनआयव्हीच्या २०११ च्या आवृत्तीत मात्र ती ‘डीकन’ झाली. डीकन हे अनेक चर्चमध्ये एक अधिकृत पद असतं.

बाई तीच, वचन तेच. मग सेविका की पदाधिकारी? इथेच लोक कोश उघडतात.

क्लिक केल्यावर नेमकं काय दिसतं?

ब्लू लेटर बायबल आणि केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल ही मोफत साधनं आहेत. ई-स्वोर्डही मोफत डाउनलोड करता येतं. लोगोस आणि अ‍ॅकॉर्डन्स ही मोठी सॉफ्टवेअर आहेत आणि त्यातले महत्त्वाचे कोश सहसा पैसे देऊनच घ्यावे लागतात. मांडणी वेगळी असली तरी सगळीकडे साधारण चार गोष्टी दिसतात.

पहिली, वचनात आलेलं शब्दाचं रूप. फिबीच्या वचनात ते ‘दियाकोनोन’ असं आहे.

दुसरी, कोशातलं मूळ रूप. इथे ते ‘दियाकोनोस’. मराठीत ‘घराला’ हा शब्द कोशात शोधायचा तर ‘घर’ बघावं लागतं, तसंच हे. क्रियापदाच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवायचा. मराठी कोशात ‘सोडणे’ सापडतं, पण ग्रीक कोशात नोंद ‘मी सोडतो’ अशा रूपाखाली असते.

तिसरी, व्याकरणाची माहिती. नाम की क्रियापद, एकवचन की अनेकवचन, कोणती विभक्ती. ही ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. इथे ती कामाची आहे, कारण दियाकोनोस हे नाम पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी एकाच रूपात वापरलं जायचं. ‘डीकनेस’साठीचा वेगळा ग्रीक शब्द नंतरच्या काळातला आहे, तो या वचनात नाही.

चौथी, एक नंबर. दियाकोनोसचा नंबर आहे जी १२४९.

हा नंबर आला कुठून?

अमेरिकेतले प्राध्यापक जेम्स स्ट्राँग यांनी १८९० मध्ये एक प्रचंड शब्दसूची प्रसिद्ध केली. किंग जेम्स बायबलमधला प्रत्येक शब्द कुठे कुठे येतो याची ती यादी होती. त्यांनी प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिला. हिब्रू शब्दांचे नंबर ८६७४ पर्यंत जातात, ग्रीक शब्दांचे ५६२४ पर्यंत. ग्रीक अक्षरं न ओळखणाऱ्या माणसालाही शब्द शोधता यावा, हा त्यातला फायदा. म्हणूनच सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी आजची अ‍ॅप्स तेच नंबर वापरतात.

पण स्ट्राँगची नोंद वाचताना एक चूक सर्रास होते. नोंदीत आधी थोडक्यात अर्थ असतो, मग एक आडवी रेघ आणि रेघेनंतर काही शब्द. दियाकोनोसच्या नोंदीत रेघेनंतर डीकन, मिनिस्टर आणि सर्व्हंट हे तीन शब्द आहेत. लोक ते ‘ग्रीक शब्दाचे अर्थ’ म्हणून वाचतात. प्रत्यक्षात किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी तो शब्द इंग्रजीत कसा कसा आणला, याची ती यादी आहे. म्हणजे भाषांतर तपासायला कोश उघडायचा आणि कोशातून पुन्हा तेच भाषांतर वाचायचं, असा प्रकार होतो.

मग खरा तपास कुठे करायचा?

नंबरवर क्लिक केलं की तो शब्द नव्या करारात जिथे जिथे आला आहे त्या सगळ्या वचनांची यादी उघडते. नवशिक्यासाठी सॉफ्टवेअरमधली सगळ्यात कामाची जागा हीच.

दियाकोनोसची यादी उघडली की काय दिसतं? काना गावातल्या लग्नात पाणी भरणारे नोकर दियाकोनोस आहेत. राज्य करणारा अधिकारी हा देवाचा दियाकोनोस आहे, असं पौल रोमच्याच पत्रात १३ व्या अध्यायात म्हणतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल स्वतःला आणि अपुल्लोसला हाच शब्द लावतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या सुरुवातीला मंडळीतल्या पदाधिकाऱ्यांसाठी हाच शब्द येतो.

किंग जेम्समध्ये हा शब्द मिनिस्टर म्हणून २० वेळा आणि डीकन म्हणून ३ वेळा आला आहे, बाकी ठिकाणी सर्व्हंट. आता यादीतला फक्त पत्रांचा भाग पाहिला, तर ‘सर्व्हंट’ एकाच वचनात सापडतो, तो म्हणजे फिबीच्या. पौल, अपुल्लोस, तुखिक, एपफ्रास हे पुरुष मिनिस्टर आणि फिबी सर्व्हंट. ग्रीकमध्ये शब्द एकच आहे.

यावरून लगेच ‘भाषांतरकारांनी मुद्दाम केलं’ असं म्हणता येत नाही. १६११ च्या इंग्रजीत ‘मिनिस्टर’ या शब्दालाही सेवा करणारा असाच अर्थ होता. पण हा फरक डोळ्यांसमोर येतो तो यादी पाहिल्यामुळे, नुसता अर्थ वाचून तो कधीच दिसला नसता.

तीन चुका, ज्या रील्समध्ये नेहमी दिसतात

पहिली चूक, सगळे अर्थ एकाच वाक्यात ओतणं. मराठीतलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, वाट लागते. कोशात हे सगळे अर्थ एकाखाली एक असतील. म्हणून ‘मुलाला नोकरी लागली’ या वाक्यात आग आणि ठेच शोधायची नसते. दियाकोनोसच्या बाबतीतही काना गावातला पाणी भरणारा आणि फिलिप्पैमधला पदाधिकारी हे दोन्ही अर्थ एकदम फिबीवर लादता येत नाहीत. कोणता लागू होतो ते वाक्य ठरवतं.

दुसरी चूक, शब्द फोडून अर्थ काढणं. दियाकोनोस म्हणजे ‘दिया’ अधिक ‘कोनिस’, म्हणजे धुळीतून धावणारा, असं प्रवचनांमध्ये अनेकदा सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. आणि व्युत्पत्ती खरी असली तरी वापरातला अर्थ तोच असेल असं नाही. ‘प्रवीण’ हा शब्द वीणा वाजवण्यातल्या कौशल्यावरून आला असं सांगतात. म्हणून स्वयंपाकात प्रवीण असलेल्या बाईला वीणा वाजवता येते असं कोणी म्हणत नाही. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, तरी आपण शेंगदाण्याचं तेल बिनधास्त म्हणतो.

तिसरी चूक, आजचा अर्थ मागे नेणं. सामर्थ्यासाठी ग्रीकमध्ये ‘दुनामिस’ शब्द आहे. ‘डायनामाइट’ त्यावरूनच आला, म्हणून देवाचं सामर्थ्य म्हणजे डायनामाइट, असं सांगितलं जातं. पण आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ मध्ये. पहिल्या शतकात लिहिणाऱ्या माणसाच्या मनात स्फोटकं असण्याचा प्रश्नच नव्हता.

या चुका आजच्या नाहीत. जेम्स बार या अभ्यासकांनी १९६१ मध्येच त्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. सोशल मीडियामुळे त्यांचा वेग तेवढा वाढला.

कोशही जुने होतात

मोफत अ‍ॅप्समध्ये बहुतेक वेळा थेयर यांचा कोश मिळतो. तो १८८६ चा आहे, म्हणून कॉपीराइटमधून मुक्त आहे, म्हणून फुकट आहे. कोश मेहनतीने केलेला आहे. पण त्यानंतरच्या काळात इजिप्तच्या वाळूतून पपायरसचे हजारो कागद निघाले. त्यात पावत्या, करार, अर्ज, घरगुती पत्रं असं सगळं होतं. नव्या कराराची ग्रीक ही त्या काळच्या सामान्य लोकांच्या बोलण्या-लिहिण्यातली ग्रीक आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. आडॉल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाचं त्यात मोठं योगदान आहे.

याचं एक उदाहरण मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. लोकांना दाखवायला दानधर्म करणाऱ्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे, असं येशू म्हणतो. तिथलं क्रियापद ‘अपेखो’ पावत्यांवर ‘रक्कम पूर्ण मिळाली’ या अर्थाने सापडलं. म्हणजे हिशेब पूर्ण झाला, आता आणखी काही येणं बाकी नाही. हा बारकावा जुन्या कोशाच्या हाताशी नव्हता.

दियाकोनोसचंही तसंच झालं. १९९० मध्ये जॉन कॉलिन्स यांनी जुन्या ग्रीक साहित्यातला या शब्दाचा वापर तपासला. हा शब्द हलक्या कामापेक्षा कुणाच्या तरी वतीने काम करणाऱ्या, निरोप पोहोचवणाऱ्या मध्यस्थासाठी जास्त वापरला जातो, असं त्यांनी मांडलं. २००० मध्ये आलेल्या बीडॅग या प्रमाण मानल्या जाणाऱ्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘मध्यस्थ, प्रतिनिधी’ हा अर्थ पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणून कोशातला अर्थ वाचण्याआधी कोश कोणत्या सालचा आहे ते बघायचं.

मग फिबीचं काय ठरलं?

कोशाने ठरवलं नाही, आणि ते त्याचं कामही नाही. फिबी ‘अमुक मंडळीची दियाकोनोस’ आहे, असं वचनात ठरावीक मंडळीचं नाव घेऊन सांगितलं आहे. पुढच्याच वचनात पौल तिला ‘प्रोस्तातिस’ म्हणतो. हा शब्द नव्या करारात एकदाच येतो आणि त्यात आश्रय देणारी, पाठीशी उभी राहणारी असा भाव आहे. यावरून ती पदावर होती असं अनेक अभ्यासक म्हणतात. त्या काळात हे पद अजून पक्कं ठरलेलं नव्हतं, असं दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजूंच्या हातात तोच कोश आहे. पण ‘ग्रीकमध्ये तर साधी नोकराणीच लिहिलंय’ किंवा ‘ग्रीकमध्ये सरळ पादरीच लिहिलंय’ असं कोणी ठोकून दिलं, तर दोन्ही चूक आहे हे कोश वाचता येणाऱ्याला लगेच कळतं.

या गोष्टीचा एक धागा महाराष्ट्रातही आहे. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर हे काम चालू होतं. साध्या बायकांना समजेल असं मराठी त्यांना हवं होतं. क्लिक करायची सोय त्यांना नव्हती, प्रत्येक शब्द छापील कोशात शोधावा लागायचा.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर रोमच्या पत्रातलं १६ व्या अध्यायाचं पहिलं वचन उघडा. मराठी बायबलमध्ये फिबीसाठी कोणता शब्द आहे ते बघा. मग जी १२४९ वर क्लिक करा, व्याकरणाची ओळ वाचा, कोशाचं साल बघा, सगळ्या वचनांची यादी खालपर्यंत वाचा आणि शेवटी पुन्हा मूळ वचनावर या. वीसेक मिनिटांचं काम आहे.