निकाहची जुनी डीव्हीडी : दोन बाजू, एक फाइल

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या घरांत निकाहच्या जुन्या डीव्हीडी कपाटात पडून असतात. मरहूम दादी-नानींचा आवाज कधी कधी तेवढ्यातच उरलेला असतो. किनाऱ्याची दमट हवा डिस्कला मानवत नाही. कॉपी आत्ताच करून घ्या.

दुहेरी बाजूच्या डिस्कची एक गोम आहे. दोन्हीकडच्या फाइलींची नावं सारखीच असतात. एकाच फोल्डरमध्ये टाकल्या, तर दुसरी बाजू पहिलीला पुसून टाकते. म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन फोल्डर करा.

मग ‘एमकेव्हीटूलनिक्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘अ’मधली शेवटी १ असलेली व्हीओबी फाइल घ्या. पुढचे १ जीबीपर्यंतचे तुकडे ते आपणहून जोडतं. त्यामागे ‘ब’ची तशीच फाइल ‘अपेंड’ करा. चित्राचा दर्जा घटत नाही. जोडाच्या जागी आवाज जुळतोय ना, बघा. तोवर डिस्क फेकू नका.